व्हिटॅमिन डी३ चे सॅशे, कॅल्शियम आणि कानाच्या आत सुटलेले खडे: आठ महिन्यांचा अनुभव

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही, बँकेत कॅशला बसते. वय ५४, पाळी जाऊन चार वर्षं झाली, थायरॉईडची गोळी चालू. ऑगस्टपासून डी३ चे सॅशे आणि कॅल्शियम घेतेय, आणि ते गुडघेदुखीसाठी नाही तर चक्करसाठी, हे ऐकलं की लोक अजून माझ्याकडे बघत बसतात, म्हणून म्हणलं एकदाचं सगळं लिहून टाकू.

जूनमधे एका पहाटे अलार्म बंद करायला उजव्या कुशीवर वळले आणि कपाट फिरायला लागलं. डोकं हलकं होणं वगैरे नाही, अख्खी खोली गरागरा, जत्रेतल्या पाळण्यात बसवल्यासारखी. अर्ध्या मिनिटात थांबलं पण उलटी झालीच. मग ते रोजचंच झालं, आडवं होताना, कूस बदलताना, केस धुवायला मान मागे टाकली की. फॅमिली डॉक्टरांनी बीपी बघितलं, नॉर्मल, शुगर नॉर्मल, मग मानेचा एक्सरे, आता या वयात मानेच्या एक्सरेत काही ना काही निघणारच, ते निघालं, आणि स्पॉन्डिलायटिस म्हणून महिनाभर कॉलर घालून काउंटरवर बसले. जाऊबाई म्हणाल्या पित्त आहे, तर तो आवळाही खाऊन झाला.

शेवटी ईएनटीकडे गेले. त्यांनी टेबलावर बसवलं, मान उजवीकडे अर्धी वळवली आणि एकदम मागे आडवं केलं, डोकं टेबलाच्या कडेखाली. चक्कर आली ती आलीच, पण ते माझ्या डोळ्यांकडे बघत होते, बुबुळं नाचत होती म्हणे. दोन मिनिटात निदान. कागदावर लिहिलं बीपीपीव्ही, म्हणजे डोक्याची स्थिती बदलली की येणारी चक्कर, तर आमचे हे बाहेर येऊन म्हणतात, बघ, शेवटी बीपीच निघालं ना!

बीपीचा काही संबंध नाही. आतल्या कानात एक इवलीशी पिशवी असते, तिच्यात जेलीसारख्या थरावर कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक खडे चिकटलेले असतात, अंड्याचं टरफल ज्याचं असतं तेच. डोकं वाकलं की खडे सरकतात आणि मेंदूला कळतं की आपण वाकलो. शेजारी पाण्याने भरलेल्या तीन अर्धगोल नळ्या, त्या डोकं फिरलं की सांगतात. खडे सुटून नळीत गेले की झालं, कूस बदलली की खडे घरंगळतात, पाणी ढकलतात, आणि मेंदूला वाटतं बाई गोल फिरतेय. हे सगळं ज्या हाडात बसलंय ते शरीरातल्या सगळ्यात घट्ट हाडांपैकी एक आहे, हजारो वर्षांच्या सांगाड्यातून डीएनए काढायचा तर शास्त्रज्ञ तिथेच ड्रिल मारतात. त्यामुळे माझ्या कानाचं हाड झिजलंय असं काही नाही (नणंदेने फोनवर सगळ्यांना तेच सांगितलंय), भानगड आतल्या खड्यांची आहे.

डॉक्टरांनी लगेच एप्ली मनुव्हर केलं. मान एका ठराविक क्रमाने वळवत वळवत, प्रत्येक वळणावर थोडं थांबत, शेवटी कुशीवर घेऊन नाक जमिनीकडे, मग बसवायचं, म्हणजे खडे नळीतून घरंगळत परत पिशवीत. पोर्टलंडचे डॉ. जॉन एप्ली म्हणून होते त्यांनी काढलेली युक्ती, १९९२ ला त्यांचा पेपर आला. गोळी नाही, सुई नाही, आणि मी महिनाभर कॉलर घालून बसलेले! दुसऱ्या दिवशी ऐंशी टक्के फरक, आठवड्याने परत एकदा केलं आणि थांबलं.

मग डी३ कुठून आलं? डॉक्टर म्हणाले खडे परत सुटू शकतात, पन्नाशीनंतर बायकांमधे हे जास्त दिसतं, हाडं तपासून घ्या. रक्तातलं डी३ आलं ११, म्हणजे २० च्या खाली, कमतरता. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा स्कॅनमधे टी स्कोअर उणे २.१, म्हणजे ठिसूळपणाच्या अलीकडच्या पायरीवर. हाडाचं कॅल्शियम आणि खड्यांचं कॅल्शियम सांभाळण्यात डी३ चा हात असतो, ते कमी पडलं की खडेही नीट बनत नाहीत, धरून राहत नाहीत असं मानतात. मला खरी भीती वेगळीच वाटली. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकू अशाच चक्कर येऊन पडल्या, खुबा मोडला, वर्षभर अंथरुणात. खडे पाडणार आणि हाडं मोडणार, दोन्ही एकाच बाईच्या नशिबी.

आता औषधाचा अनुभव. ६०,००० युनिटचा सॅशे आठवड्याला एक असे आठ, दुधातून, मग महिन्याला एक. चव गोडमिट्ट, चालते. कॅल्शियम ५०० ची गोळी जेवणानंतर, तिने मात्र रडवलं, पहिले दोन महिने गॅस आणि पोट साफ नाही, मग सायट्रेटवाली बदलून घेतली तेव्हा जरा बरं. थायरॉईडवाल्यांनो, दोन्ही गोळ्यांमधे चार तासांचं अंतर ठेवा, मला हे केमिस्टने सांगितलं, नाहीतर मी सकाळी दोन्ही एकत्रच गिळत होते. सासूबाईंचा गव्हाएवढा चुना ताकातून घ्यायचा सल्ला नम्रपणे नाकारला, नाचणीची भाकरी मात्र सुरू केली.

फरक पडला का? इथे खरं सांगायला पाहिजे. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचे डबे बघायला मान वर केली आणि परत गरागरा, सॅशे सुरू होऊन अडीच महिने झालेले. आणि मी शहाणी, मोबाईलवर व्हिडिओ लावून घरीच एप्ली केलं, ते पण डाव्या बाजूचं, माझा कान उजवा! नुसती उलटी झाली. परत ईएनटीकडे जाऊन दहा मिनिटात काम झालं. त्यानंतर आत्तापर्यंत, साडेपाच महिने, एकही झटका नाही. नोव्हेंबरमधे डी३ ३६ आलं होतं.

पण हे डी३ मुळेच की आपोआप, कसं सांगणार? कोरियात ९५७ पेशंटवर अभ्यास झाला, २०२० मधे छापून आला, ज्यांचं डी३ २० च्या खाली त्यांना रोज दोनदा ४०० युनिट डी३ आणि ५०० मिलिग्राम कॅल्शियम दिलं, तर परत येणारे झटके २४ टक्के कमी. म्हणजे १०० येणार असतील तिथे ७६ येणारच, आणि त्यांचा डोस रोजचा छोटासा, माझा साठ हजारी दणका नाही. म्हणून मी ह्याला चक्करचं औषध म्हणणार नाही, चक्कर एप्लीने जाते. आणि ज्यांचं डी३ मुळात चांगलंय त्यांनी उगाच दर आठवड्याला सॅशे फोडत बसू नये, जास्त झालं तर रक्तात कॅल्शियम वाढतं, मुतखडा होऊ शकतो. टेस्ट करा मग घ्या.

आणि चक्करसोबत बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं, एकाचे दोन दिसले किंवा हातपाय लुळा पडला तर एप्ली वगैरे काही नाही, सरळ हॉस्पिटल.

मला मार्क द्यायचे झाले तर एप्लीला पाचपैकी पाच, सॅशेला साडेतीन, कॅल्शियमला पोटामुळे तीन, कॉलरला शून्य. उजव्या कुशीवर झोपायला अजून धीर होत नाही, पाठीला उशी लावून झोपते. पुढची टेस्ट जूनमधे, आणि माळ्याचं काम आता ह्यांच्याकडे.