मर्डकॅल्क: अवयवनिहाय किरणोत्सर्ग मात्रेचा हिशेब मांडणारे मोफत साधन

न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये किरणोत्सर्गी औषध रुग्णाच्या शरीरात गेल्यावर कोणत्या अवयवाला किती मात्रा मिळाली, हे थेट मोजता येत नाही. ते हिशेबानेच काढावे लागते. त्यासाठी अमेरिकेतील सोसायटी ऑफ न्यूक्लिअर मेडिसिन अँड मॉलिक्युलर इमेजिंग या संस्थेच्या मर्ड समितीने (शरीरातील किरणोत्सर्ग मात्रा काढण्याच्या पद्धती ठरवणारी समिती) मर्डकॅल्क हे एक्सेलवर चालणारे साधन तयार केले असून त्याची सविस्तर माहिती 2023 साली प्रसिद्ध झाली. त्यात 333 किरणोत्सर्गी समस्थानिके, 81 स्रोत-भाग (जेथे औषध साठते ते), 48 लक्ष्य-भाग (ज्यांना मात्रा मिळते ते) आणि नवजात बालकापासून प्रौढापर्यंतची 12 प्रमाण-प्रतिरूपे, म्हणजे ठरावीक शरीराचे संगणकी नमुने, आहेत. साधन मोफत असले, तरी एक्सेल मात्र हवेच.

प्रत्येक स्रोत-अवयवात किरणोत्सर्गी अणूंची एकूण किती विघटने झाली, हे आकडे आपण भरायचे. त्यांना समस्थानिक व शरीररचनेनुसार ठरलेल्या गुणकांनी गुणून बेरीज करण्याचे काम तक्ता करतो. याच कामाच्या ओलिंडा या जुन्या संगणक-प्रणालीच्या पहिल्या आवृत्तीत अवयव भूमितीय आकारांचे होते, त्या मानाने येथील प्रतिरूपे खऱ्या शरीराच्या बरीच जवळची आहेत. पण मला सर्वांत मोलाची वाटली ती अनिश्चितता पुढे नेण्याची सोय. भरलेल्या आकड्यांत किती चूक संभवते हे सांगितले, की उत्तरातही ती दिसते. एरवी दशांशाच्या तीन स्थळांपर्यंत छापून आलेल्या आकड्यावर कोणीही डोळे मिटून विश्वास ठेवतो.

गुणाकार निर्दोष असला, तरी कच्चा माल आपणच पुरवायचा असतो. पेट स्कॅनसाठी दिल्या जाणाऱ्या एफडीजी या किरणोत्सर्गी साखरेचे उदाहरण घेऊ. आयसीआरपी या आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग-संरक्षण आयोगाच्या कोष्टकानुसार प्रौढासाठी दर मेगाबेकरेलला (औषधाच्या किरणोत्सर्गाचे एकक) 0.019 मिलिसीव्हर्ट, म्हणजे 370 मेगाबेकरेलला सुमारे 7 मिलिसीव्हर्ट परिणामी मात्रा (सर्व अवयवांच्या मात्रांची त्यांच्या संवेदनशीलतेनुसार केलेली बेरीज) येते, तर मूत्राशयाच्या भिंतीला सुमारे 48 मिलिग्रे (एका अवयवाच्या मात्रेचे एकक) मिळतात. हा दुसरा आकडा रुग्ण लघवीला कधी जातो यावर बराच अवलंबून आहे, आणि ते तक्त्याला आपण सांगितल्याशिवाय कळत नाही. वेगवेगळ्या वेळच्या मोजणीवरून आलेख बसवून विघटनांचा आकडा काढण्यासाठी त्याच समूहाचे मर्डफिट हे वेगळे साधन वापरता येते.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट जपावी लागते. प्रमाण प्रौढ पुरुष 73 किलोंचा आणि स्त्री 60 किलोंची आहे. आपल्या दवाखान्यांत 45 किलोंची स्त्री नवलाची नसते. दोन प्रतिरूपांमधला आकडा काढण्याची सोय आहे खरी, परंतु 60 किलोंहून हलकी स्त्री-प्रतिरूपे पंधरा वर्षांच्या किंवा त्याहून लहान मुलींची असल्याने तो आकडा तारतम्यानेच घ्यावा. परिणामी मात्रा तर मुळात प्रमाण-व्यक्तीसाठीची कल्पना आहे; ती समोरच्या रुग्णाचा वैयक्तिक धोका म्हणून अहवालात लिहू नये.

निदानासाठीच्या तपासण्या, संशोधन प्रस्ताव आणि विद्यार्थ्यांचा सराव यांसाठी हे साधन मी निःशंकपणे सुचवीन. ल्युटेशियम-177 या किरणोत्सर्गी समस्थानिकाने केल्या जाणाऱ्या कर्करोगाच्या उपचारात मूत्रपिंडांना मिळणाऱ्या मात्रेची मर्यादा ठरवताना मात्र रुग्णाच्या स्वतःच्या स्कॅनवरून अवयवाचे वस्तुमान आणि औषधाचे प्रमाण मोजलेच पाहिजे. ते न करता केवळ प्रमाण-प्रतिरूपावर काढलेल्या उत्तरावरून उपचाराच्या पुढच्या फेरीचा निर्णय घेऊ नये.