हाफ-लाइफ २ मधला गाळलेला आठवडा: काही महिन्यांच्या वापरानंतर

ग्राफिक्स कार्ड उन्हाळ्यात गेलं. सर्व्हिस सेंटरने वॉरंटी नाकारली आणि दुरुस्तीचा असा आकडा सांगितला की त्यात नवं कार्ड आलं असतं. तेवढे पैसे घालायची माझी तयारी नाही. मग जुन्या लॅपटॉपवर चालतील तेच गेम काढले. 'हाफ-लाइफ २' नोव्हेंबर २०२४ मध्ये, विसाव्या वाढदिवसाला फुकट मिळाला होता.

गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे: परग्रहावरच्या सत्तेने पृथ्वी ताब्यात घेतली आहे आणि आपण खेळतो तो नायक गॉर्डन. सुरुवात आजही जबरदस्त! सिटी १७ या शहराच्या स्टेशनवर त्या सत्तेचा शिपाई मुद्दाम डबा पाडतो आणि उचलून कचऱ्यात टाक म्हणतो. आपल्या हातात काहीच नसतं. जुलूम काय असतो ते तिथेच कळतं.

माझा राग नोव्हा प्रॉस्पेक्ट या तुरुंगानंतरच्या भागावर आहे. गॉर्डन आणि त्याची साथीदार ॲलिक्स टेलिपोर्टमधून बाहेर येतात तोवर बाहेर आठवडा उलटलेला असतो आणि शहरात उठाव पेटलेला असतो. म्हणजे लोक नायकाशिवाय उठले! आणि नेमका तोच आठवडा गेममध्ये नाही. पहिल्यांदा कोण पुढे आलं, हत्यारं कुठून आली, जखमींना कुठे ठेवलं, काहीच दिसत नाही. आपण आलो की तीच माणसं आपल्या मागे चालू लागतात. मेली की दुसरी येऊन मिळतात.

सोलापूरकराला हे खटकणारच. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाल्यावर इथले गिरणी कामगार संपावर गेले, गोळीबार झाला, आणि काही दिवस शहराचा कारभार लोकांनीच हाती घेतला. मार्शल लॉ आला तो त्यानंतर. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली. चार हुतात्मा पुतळ्यावरून जाताना मला फाशीइतकेच ते मधले दिवस आठवतात.

नंतर सेलमध्ये लुकस पोपचा 'पेपर्स, प्लीज' (२०१३) घेतला. आधी वाटलं, यात बंड कुठंय? सीमेवरच्या नाक्यावर खिडकीत बसून पासपोर्ट तपासायचे, बस्स. मग एझिक ही गुप्त संघटना सांगते, अमक्याला आत सोड. कागद चुकीचे असतात, सोडलं की पावती फाटते. दिवसातल्या पहिल्या दोन चुका माफ, पुढच्या चुकांना क्रेडिट, म्हणजे गेममधले पैसे, कापतात. एक माणूस नीट तपासल्याचे मिळतात पाचच. संध्याकाळी हिशेबाचं पान समोर येतं: भाडं, जेवण, हीटिंग, औषध. मुलगा आजारी असताना हीटिंग बंद करून जेवण ठेवायचं का, हे ठरवताना एझिकची चिठ्ठी जड वाटू लागते. त्या एका पानासाठी या गेमला पाच तारे.

हाफ-लाइफला तीनच. वाढदिवसाच्या अपडेटमध्ये गेम बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने कॉमेंट्री घातली, जुने बग काढले. त्या आठवड्यातला एखादा प्रसंगही घालायला हवा होता.