मॉडेल रेल्वेचे रूळ काळे का पडतात? आठ महिन्यांनंतरचा अनुभव

जानेवारीत मी रुळांवर सँडपेपर घासणं बंद केलं. मध्ये अख्खा पावसाळा जाऊ दिला आणि मगच हे लिहायला बसलोय.

सेटअप साधा आहे. आठ बाय चार फुटांचा प्लाय, एचओ स्केल (१:८७), दोन रुळांमध्ये १६.५ मिमी अंतर, १२ व्होल्ट डीसी. हा करंट रुळांतून चाकांवाटे इंजिनात जातो. डोंबिवलीतला फ्लॅट, खिडकीखाली सतत वाहता रस्ता. दर रविवारी भाचा यायचा आणि पाचव्या मिनिटाला हाक मारायचा, "मामा, परत अडली!" इंजिन पॉइंटवर (रूळ दोन वाटांना फुटतो तिथे) आचके द्यायचं, हेडलाइट फडफडायचा, बोटाने ढकललं की पुढे जायचं.

मी सगळा दोष धुळीला देत होतो. लेआउटवर चादर घालायला लागलो, तरी काडीचा फरक नाही. मग एकदा जुन्या पांढऱ्या बनियनचा तुकडा रुळांवरून फिरवला. त्यावर काजळाच्या बोटासारख्या दोन चिकट, काळ्याकुट्ट रेघा उमटल्या. कपाटावर बसते ती धूळ करडी आणि कोरडी असते. हे प्रकरण वेगळं होतं.

उलगडा झाला तो रात्री दिवा बंद करून गाडी चालवली तेव्हा. चाकांखाली बारीक निळसर ठिणग्या उडत होत्या. चाक रुळाला टेकतं ते जेमतेम सुईच्या टोकाएवढ्या जागेत. ते किंचित उचललं गेलं की ठिणगी पडते, तिथला धातू भाजतो आणि ऑक्साइड तयार होतं. त्यात तेल आणि धूळ मिसळली की झाला काळा थर. थर वाढला की संपर्क आणखी बिघडतो, ठिणग्या आणखी वाढतात. आमच्याकडे तेलही कमी नव्हतं. स्वयंपाकघर शेजारीच, त्यामुळे फोडणीचा धूर थेट इकडे येतो. शिवाय गिअरला थेंबभर पुरतं तिथे मी तीन-तीन थेंब सोडत होतो.

डब्यांची प्लास्टिकची चाकं भिंगाखाली पाहिली तर प्रत्येकावर काळा पापुद्रा, नखाने खरवडला तर सोललाच. हीच चाकं घाण उचलून गावभर पसरवत होती. सगळी बदलून धातूची बसवली. याचा खर्च बाकी सगळ्यापेक्षा जास्त झाला, पण खरा फरक यानेच पडला. बसवताना एवढं बघा की निदान एका बाजूचं चाक आसापासून इन्सुलेट केलेलं असायला हवं, नाहीतर सरळ शॉर्ट होतो.

सँडपेपरने रुळावर ओरखडे पडतात आणि घाण त्यातच ठाण मांडते. माझा ट्रॅक निकेल सिल्व्हरचा आहे. नावात सिल्व्हर असलं तरी त्यात चांदी नसते, तांबं, जस्त आणि निकेल असतं. असा रूळ घासून खराब केला याचं मला आजही वाईट वाटतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलने रूळ चकचकीत दिसायचा, पण माझ्याकडे आठवड्यात पुन्हा काळा. आता रंगाच्या दुकानातलं मिनरल टर्पेंटाईन कापडाला जेमतेम लावून पुसतो. खिडक्या उघड्या, जवळपास ज्योत नाही, आणि रूळ पूर्ण वाळल्याशिवाय करंट द्यायचा नाही. नंतर संपर्क नीट राहावा म्हणून ६बी पेन्सिल (तिच्यातलं ग्रॅफाइट वीज वाहून नेतं) रुळाच्या आतल्या कडेवर एकदाच हलकी ओढतो. सुरुवातीला उत्साहात जास्त ओढली, तर चढावर इंजिनाची चाकं जागच्या जागी फिरायला लागली.

पूर्वी दर रविवारी पुसावं लागायचं, आता पाच-सहा आठवड्यांनी. जुलैत तीन आठवडे गाडी चालवलीच नाही, तेव्हा पहिल्या दोन फेऱ्या अडखळली आणि मग आपोआप सुधारली.

गेल्या रविवारी भाच्याने दीड तास गाडी पळवली. नंतर रूळ पुसले तर बनियनच्या तुकड्यावर फिकट राखाडी डाग उतरला, बस. तीन नंबरचा पॉइंट मात्र अजून त्रास देतो. तिथे सरकत्या पट्टीला वेगळी वायर सोल्डर करून बघणार आहे.