जाहिरातीतली गाडी आणि हायवेवरचा लॉज

गाडीच्या जाहिरातीत मुक्काम कधी नसतो. घाटातलं वळण, भिजलेला रस्ता, काचेआडून हसणारा नट आणि लगेच समुद्र. मधल्या रात्री गाडी कुठे उभी केली, बॅगा तिसऱ्या मजल्यावर कोणी चढवल्या, सकाळी गरम पाणी आलं का, यातलं काही त्या तीस सेकंदांत मावत नाही. हे परीक्षण त्या मधल्या रात्रीचं आहे: मुंबई–गोवा (राष्ट्रीय महामार्ग ६६) आणि पुणे–कोल्हापूर–बेळगाव (४८) या रस्त्यांवरचे, रात्रीला साधारण हजार ते दोन हजार घेणारे लॉज. सोबत, नटाने सांगितलेले गाडीचे गुण या लॉजच्या दारात किती उपयोगी पडतात तेही.

सुरुवात पार्किंगपासून, कारण बहुतेक लॉज इथेच नापास होतात. पाटीवर ‘भव्य पार्किंग’ असतं. प्रत्यक्षात इमारतीखाली खांबांच्या मधे सहा-सात गाड्या एकामागे एक लावतात आणि किल्ली काउंटरवर ठेवायला सांगतात. पहाटे पाचला निघायचं असेल तर हे आधी सांगा, गाडी उलटी घालून तोंड रस्त्याकडे ठेवा आणि आपल्यापुढे कोणाची गाडी लागणार ते रखवालदाराला विचारा. नव्या क्रेटासारखी गाडी आरसे न धरताच १७९० मिलिमीटर रुंद आहे. १९९८ ची सँट्रो दीड मीटरच्या आसपास होती. जुन्या लॉजचे खांब त्या काळच्या गाड्यांच्या मापाने उभे आहेत. मोठी गाडी दोन खांबांत बसते, पण दार उघडून माणूस बाहेर पडत नाही. म्हणून मंडळींना आणि सामानाला आधी उतरवा, मग गाडी आत घाला.

रस्त्यावरून पार्किंगमध्ये उतरणारा उतार हा दुसरा सापळा. जाहिरातीतला ग्राउंड क्लिअरन्स सहसा रिकाम्या गाडीचा असतो. पाच माणसं आणि मागे सामान भरलं की गाडी दोन-तीन सेंटिमीटर बसते आणि उताराच्या तोंडाशी पोट घासतं. उपाय साधा: माणसं उतरवा आणि उतारावर तिरके जा, म्हणजे एका वेळी एकच चाक कड ओलांडतं.

कोकणात उघड्यावर गाडी लावताना आधी वर बघा. माडाखाली गाडी लावू नका. नारळ पडला की बॉनेट किंवा काच गेलीच. आंब्याखाली सावली छान, पण सनरूफवाल्यांनी तीही टाळावी. सनरूफच्या चौकटीच्या कोपऱ्यांत पाणी वाहून न्यायच्या बारीक नळ्या असतात. मोहोर, पानं आणि धूळ यांनी त्या तुंबल्या की पावसाचं पाणी छताच्या कापडातून थेट सीटवर उतरतं. जाहिरातीत सनरूफमधून आभाळ दिसतं, नळ्या दिसत नाहीत. शेताला लागून असलेल्या लॉजवर सकाळी निघण्याआधी बॉनेट उघडून बघणंही शहाणपणाचं. उबदार इंजिनाशेजारी उंदीर येतात आणि वायरी कुरतडतात.

आता खोली. ॲडव्हान्स देण्याआधी खोली बघायला मागा. चांगला मॅनेजर नाही म्हणत नाही. आत गेल्यावर पहिला श्वास महत्त्वाचा. डांबरगोळ्यांचा उग्र वास येत असेल तर खाली बहुतेक ओलीचा वास दडलेला असतो. मग गादीची शिवण आणि पलंगाच्या डोक्याकडची फळी मोबाइलच्या उजेडात बघा. शाईचे ठिपके पडल्यासारखे काळे डाग असतील तर ढेकूण आहेत. चादर बदलून ते जात नाहीत, खोली बदला. फ्लश एकदा ओढून टाकी परत भरते का ते ऐका. खिडकी उघडून खाली काय आहे ते बघा: परमिट रूम, मंगल कार्यालय की ट्रक उभे करायची जागा. हायवेकडची खोली उजेडाची असते, मागची झोपेची. लॉजखालीच बार असेल तर वरच्या मजल्याची मागची खोली मागा, शंभर-दोनशे जास्त पडले तरी.

गरम पाण्याची कटकट सगळ्यात मोठी आणि तिचं गणित सोपं आहे. बाथरूममध्ये वर बघा. गीझर पंधरा लिटरचा, दोन किलोवॅटचा असेल तर पंचवीस अंशांचं पाणी पंचावन्न अंशांवर जायला साधारण सोळा मिनिटं लागतात. ते थंड पाण्यात मिसळून चाळीस अंशांचं तीस लिटर होतं, म्हणजे पंधरा लिटरच्या दोन बादल्या. चौघांच्या कुटुंबाला दोन फेऱ्या हव्यात. पहिल्याने आंघोळ केली की बटण बंद करू नका. तीन लिटरचा, तीन किलोवॅटचा छोटा गीझर लवकर तापतो, पण धार मोठी सोडली की गार पाणी येतं. त्याच्यातून मिनिटाला जेमतेम तीन लिटर कोमट पाणी मिळतं, बादलीला पाच मिनिटं. ‘गीझर बिघडलाय’ अशी तक्रार होते तेव्हा बहुतेक वेळा नळ पूर्ण उघडलेला असतो. सोलर असेल तर वेगळा खेळ: ‘सकाळी सहा ते नऊ’ असं सांगतात, आणि टाकीपासून लांबच्या खोलीत आधी पाइपातलं गार पाणी दोन बादल्या सोडून द्यावं लागतं. पावसाळ्यात सोलरला हीटरची जोड आहे का, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

एसीबाबत एकच प्रश्न: लाइट गेल्यावर काय चालतं? बहुतेक लहान लॉजवर जनरेटर किंवा इन्व्हर्टर पंखा आणि दिवा ओढतो, एसी नाही. मे महिन्यात कुडाळ-सावंतवाडीकडे एसीचे पैसे मोजण्याआधी हे माहीत हवं.

इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनी याच वेळी पार्किंगमधला सॉकेट विचारावा. तीन पिनांचा पंधरा-सोळा अँपिअरचा लागतो, आणि अर्थिंग नीट हवं. अर्थिंग नसेल तर गाडीबरोबर आलेला चार्जर लाल दिवा दाखवून चार्जिंग सुरूच करत नाही. दोष गाडीचा नसतो. असा सॉकेट तासाला तीन युनिटच्या आसपास देतो, म्हणजे तीस युनिटची बॅटरी तळापासून भरायला दहा-बारा तास. रात्री नऊला लावली तर सकाळी आठला निघता येईल, पाचला नाही. युनिटचा दर आधी ठरवा आणि खिडकीतून सोडलेल्या घरगुती एक्स्टेंशनवर गाडी लावू नका, ते तापतं.

चेक-आउटवरून भांडणं होतात ती दोन पद्धतींच्या गोंधळामुळे. जुन्या लॉजवर अजून ‘२४ तास’ चालतं: रात्री दहाला आलात तर दुसऱ्या रात्री दहापर्यंत खोली तुमची. ॲपवरून घेतलेली खोली बहुधा दुपारी बारा ते सकाळी अकरा. एकाच लॉजवर दोन्ही पद्धती असू शकतात. ॲपवर बुकिंग झालं तरी लॉजला थेट फोन करून नाव सांगा. ‘आमच्याकडे आलंच नाही’ हे उत्तर रात्री अकराला ऐकण्यापेक्षा दुपारी चारला ऐकलेलं बरं. ‘एक्स्ट्रा बेड’ म्हणजे बहुतेक ठिकाणी जमिनीवरची गादी, पलंग नाही.

बिलात साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून पाच टक्के जीएसटी आहे, आधी बारा होता. दीड हजारांच्या खोलीवर पंचाहत्तर रुपये. कोणी अजून बारा टक्के लावत असेल तर बिलावरचा जीएसटी क्रमांक आणि दर दाखवायला सांगा. नोंदणीच नसलेला लहान लॉज स्वतःच्या बिलात जीएसटी लावू शकत नाही.

ओळखपत्र प्रत्येक मोठ्या माणसाचं लागतं. आधारची झेरॉक्स द्यायची तर फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं ‘मास्क्ड’ आधार द्या. परदेशातून आलेल्या, परदेशी पासपोर्ट असलेल्या नातेवाइकांना घेऊन फिरत असाल तर खास काळजी घ्या. अशा पाहुण्याची माहिती लॉजला सरकारकडे ऑनलाइन कळवावी लागते, आणि तशी नोंदणी नसलेले लहान लॉज सरळ खोली नाकारतात. दारात वाद घालून उपयोग नाही, फोनवर आधी विचारा.

कुठे थांबायचं हेही दराइतकंच महत्त्वाचं. मुंबईहून संध्याकाळी निघणाऱ्याला चिपळूण, म्हणजे अडीचशे किलोमीटरच्या आसपास, हा नैसर्गिक मुक्काम आहे. पुण्याहून निपाणी–आजरा–आंबोलीमार्गे जाणाऱ्यांनी पावसाळ्यात अंधार पडल्यावर आंबोली उतरू नये, धुक्यात समोरचं बॉनेटही दिसत नाही. आजऱ्यात झोपा आणि सकाळी घाट उतरा. कोल्हापुरात फक्त रात्र काढायची असेल तर तावडे हॉटेलच्या चौकाजवळ हायवेलगत राहा. गाडी गावात अडकत नाही. अंबाबाईचं दर्शन करायचं असेल तर देवळाजवळचा लॉज सोयीचा, पण तिथे लॉजचं पार्किंग शोधत बसू नका, बिंदू चौकातल्या वाहनतळावर गाडी लावा आणि चालत जा.

लॉजला पर्याय आहेत, आणि काही त्याच पैशात सरस आहेत. गणपतीपुळे, शिर्डी, शेगाव, अक्कलकोट इथल्या देवस्थानांची भक्तनिवासं साधी असतात, खाली दारू-गोंगाट नसतो, पार्किंग मोकळं असतं. शेगावची स्वच्छता तर बाकीच्यांनी बघून यावी अशी. अट एवढीच की नियम पाळावे लागतात आणि सुट्टीच्या दिवशी खोली मिळेलच असं नाही. कोकणातल्या घरगुती राहण्याच्या सोयीत जेवण लॉजपेक्षा कितीतरी चांगलं मिळतं, मात्र मासे हवेत की शाकाहारी हे दुपारपर्यंत कळवावं लागतं. एमटीडीसीची जागा समुद्राला सगळ्यात जवळ असते, दर लॉजच्या वर जातो.

आता नटांकडे. भारतात गाडीच्या जाहिरातीतला सगळ्यात यशस्वी चेहरा शाहरुख खानचा, १९९८ च्या सँट्रोपासून. त्या पहिल्या जाहिरातींत तो गाडीचं कौतुक करत सुटत नाही. कंपनीचा माणूस त्याला गळ घालतो आणि तो उलट प्रश्न विचारतो: तुम्ही कोण, मी तुमची गाडी का विकू? ह्युंदाई तेव्हा इथे कोणालाच माहीत नव्हती, आणि गिऱ्हाइकाच्या मनातल्या शंका नटाच्या तोंडून वदवल्या गेल्या. अशा जाहिरातीतून प्रवाशाला निदान काही कळतं.

याच्या उलट उदाहरण मारुती व्हर्साचं. २००१ मध्ये अमिताभ आणि अभिषेक बच्चन, बापलेक दोघं, जाहिरातीत. गाडी ऐसपैस, मागच्यांसाठी वेगळा एसी, पण किमतीच्या मानाने लोकांना ती मोठी ओम्नीच वाटली आणि खपली नाही. २०१० मध्ये तोच साचा लहान इंजिन घालून, चैनी काढून, तीन लाखांच्या आत ‘ईको’ म्हणून आला आणि आज गावोगावच्या लॉजसमोर उभा दिसतो. नट तोच साचा विकू शकला नाही, किमतीने विकला.

फियाट पॅलिओ कुर्ल्यात बनायची आणि तिच्यासाठी सचिन तेंडुलकर होता. ब्रॅडमनच्या २९ शतकांशी बरोबरी केल्यावर फियाटतर्फे मायकेल शूमाकरच्या हस्ते त्याला फेरारी मिळाली आणि नंतर तिच्या आयात शुल्काच्या माफीवरून गदारोळ झाला, शेवटी शुल्क फियाटने भरलं. पॅलिओ घेणाऱ्याला मात्र वेगळा प्रश्न सतावायचा: कणकवलीत बंद पडली तर उघडणार कोण? लांबच्या प्रवासाची गाडी निवडताना चेहऱ्याच्या आधी मुक्कामांच्या यादीतल्या गावांत कंपनीचं सर्व्हिस सेंटर आहे का, ते बघायचं. टाटाने २०१५ मध्ये लिओनेल मेस्सीला आणलं, ती गाडी ‘झिका’ होती. त्याच नावाचा विषाणू पसरल्यावर ‘टियागो’ म्हणून २०१६ मध्ये आली. मेस्सीने डिकीबद्दल काही सांगितल्याचं आठवत नाही. ती २४२ लिटरची आहे: दोन मध्यम बॅगा आणि एक पिशवी.

डिकीचा संबंध थेट लॉजशी. सीएनजीची एकच मोठी टाकी मागे असली की बॅगा सीटवर येतात, आणि सीटवर दिसणारी बॅग रात्री गाडीत ठेवता येत नाही. मग लिफ्ट नसलेल्या लॉजमध्ये सगळं सामान वर आणि पहाटे परत खाली. दोन लहान टाक्या तळाशी आडव्या बसवलेली सीएनजी गाडी इथे खरोखर फरक करते.

मायलेजचा आकडा पुण्याच्या एआरएआय या वाहनं तपासणाऱ्या संस्थेच्या चाचणीतून येतो. तिथे गाडी रोलरवर ठरलेल्या चक्राने चालवतात, वेग ताशी ९० च्या वर जात नाही. परशुराम घाट, पाच माणसं, एसी चालू, हे त्या चक्रात नाही. प्रवासाचा खर्च काढताना त्या आकड्यातून एक चतुर्थांश वजा करा.

नटाने सांगितलं आणि निघालं खोटं, तर कायदा आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम २१ प्रमाणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल तिची शिफारस करणाऱ्यालाही दहा लाखांपर्यंत, पुन्हा घडल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि वर्षभर, नंतर तीन वर्षांपर्यंत, जाहिराती करायला बंदी येऊ शकते. आपण पुरेशी खातरजमा केली होती असं त्याने दाखवलं तर सुटका. पण ‘रस्त्याचा राजा’ यासारख्या वाक्याला खोटं ठरवता येत नाही. आकडा असेल तरच धरता येतं. म्हणून जाहिरातीत आकडा दिसला की त्याचा स्क्रीनशॉट तारखेसकट ठेवा, आणि लॉजचं बिल ठेवता त्याच फाइलमध्ये टाका.