पॅराक्वाट २४ टक्के एसएल: तण जाळतं झकास, पण लेबल अर्धवट

पुण्यात मार्केट यार्डाच्या आसपास कुठल्याही कृषी सेवा केंद्रात तणनाशक मागितलं की आधी एकच प्रश्न येतो: "मुळासकट मारायचंय की नुसतं जाळायचंय?" जाळायचं म्हटलं की काउंटरवर पॅराक्वाट डायक्लोराईड २४ टक्के एसएल (पाण्यात विरघळणारं द्रावण) येतं. कंपन्या वेगळ्या, आतला माल तोच. म्हणून हे परीक्षण ब्रँडचं नाही, औषधाचं.

हे स्पर्शजन्य तणनाशक आहे, म्हणजे जिथे थेंब पडेल तेवढंच हिरवं जळतं. सकाळी मारलं तर कडक उन्हात दुपारपर्यंत पानं मान टाकतात, दोन-तीन दिवसांत करपून तपकिरी होतात. फवारणीनंतर तासाभराने पाऊस आला तरी काम झालेलं असतं. घोळ, काटेमाठ, कोवळं गाजर गवत हातासरशी जातं. हराळी आणि लव्हाळा मात्र परत येतात, कारण जमिनीखालच्या गाठींना यातलं काही पोचतच नाही. "औषध डुप्लिकेट निघालं" या तक्रारीत बऱ्याचदा दोष औषधाचा नसतो, निवडीचा असतो. नाहीतर पाण्याचा असतो. ओढ्याचं गढूळ पाणी वापरलं की पॅराक्वाट मातीच्या कणांना घट्ट चिकटतं आणि पंपातच निकामी होतं. पाणी स्वच्छ आणि गाळलेलंच हवं.

द्राक्षासाठी मात्रा हेक्टरी २ लिटर, ५०० लिटर पाण्यात. एकराला ८०० मिली आणि २०० लिटर पाणी, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला ६० मिली. काउंटरवरून "शंभर टाका, बिनधास्त" असा सल्ला मिळतो. तो ऐकून गाठी मरत नाहीत, अंगावर येणारं विष तेवढं वाढतं. नोझल फ्लॅट फॅन किंवा फ्लड जेट, त्यावर तुषार अडवणारं हूड. कीटकनाशकाचं कोन नोझल तसंच ठेवलं की बारीक तुषार वाऱ्यावर जातात, वेलीच्या पानांवर जळके ठिपके पडतात आणि उरलेलं फवारणाऱ्याच्या तोंडावर येतं.

आता लेबलवर नसलेली गोष्ट. बाटलीवरचा पिवळा त्रिकोण आजच्या विषबाधेबद्दल बोलतो. पोटात गेलं तर यावर उतारा नाही, ते खरंच. पण वर्षानुवर्षं थोडं थोडं अंगावर घेतल्यावर पुढे काय होऊ शकतं, याबद्दल तो त्रिकोण गप्प असतो.

पानात पॅराक्वाट प्रकाशसंश्लेषणातले इलेक्ट्रॉन पळवतं, ते ऑक्सिजनच्या गळ्यात मारतं आणि मोकळं होऊन पुन्हा तेच करतं. उन्हात तण लवकर जळतं ते म्हणूनच. प्राण्यांच्या पेशीतही असं चक्र चालतं आणि मेंदूतल्या डोपामिन (हालचालींवर ताबा ठेवणारं रसायन) बनवणाऱ्या पेशी असल्या माऱ्यापुढे फार नाजूक. पार्किन्सनच्या, म्हणजे कंपवाताच्या, अभ्यासासाठी उंदरांमध्ये तशी हानी घडवायला प्रयोगशाळेत हेच रसायन वापरतात. अमेरिकेत फवारणीचा परवाना असलेले लोक आणि त्यांचे जोडीदार यांच्या २०११ च्या अभ्यासात पॅराक्वाट वापरणाऱ्यांत पार्किन्सनचं प्रमाण सुमारे अडीचपट दिसलं. कॅलिफोर्नियाच्या २००९ च्या अभ्यासात घरापासून ५०० मीटरच्या आत पॅराक्वाट आणि मॅनेब हे बुरशीनाशक दोन्ही फवारलं जात असेल तर धोका ७५ टक्के जास्त आढळला. मांजरी, लोणी काळभोर, वाघोलीकडे शेताच्या बांधाला लागून राहत्या इमारतींचे टॉवर उभे आहेत. ५०० मीटर म्हणजे किती, हे तिथल्यांना सांगायला नको.

एखाद्या रुग्णाचा आजार यामुळेच झाला, असं यावरून म्हणता येत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने हे पुरावे अपुरे ठरवले. पण तिथेही हे औषध प्रमाणपत्रधारक फवारणीदारालाच वापरता येतं. स्वित्झर्लंडने १९८९ मध्ये ते बंद केलं, युरोपीय संघात २००७ मध्ये न्यायालयाने परवानगी रद्द केली, थायलंड आणि ब्राझीलने २०२० मध्ये बंदी घातली. आपल्याकडे २०२० च्या २७ कीटकनाशकांच्या प्रस्तावित बंदीच्या यादीत पॅराक्वाट नव्हतंच. २०२२ मध्ये ग्लायफोसेट फक्त पेस्ट कंट्रोलवाल्यांनी वापरावं असा आदेश निघाला, पॅराक्वाटला तेवढीही वेसण नाही. राज्याने मनावर घेतलं तरी १९६८ च्या कीटकनाशक कायद्यात त्याला ६० दिवसांची मनाई करता येते, फार तर आणखी ३० दिवस. वीस वर्षांनी दिसणाऱ्या आजारासाठी तीन महिन्यांचा अधिकार!

वापरायचंच असेल तर सगळ्यात जास्त जपायचं ते मोजमाप करताना, कारण तेव्हा हातात पाणी न मिसळलेलं द्रावण असतं. नायट्राईलचे लांब हातमोजे आणि तोंडापुढे पारदर्शक शिल्ड हवी. रुमाल बांधून काही होत नाही. पंप आधी साध्या पाण्याने भरून, झाकण लावून आडवा करून बघा. वायसर झिजलेला असला तर द्रावण पाठीवरून ओघळतं आणि माणूस तीन-चार तास त्याच ओल्या शर्टात फिरतो. घामेजलेल्या, खरचटलेल्या कातडीतून ते आत जातं.

काम पाचपैकी चार, सुरक्षितता पाचपैकी एक. उसात पाचट आच्छादन, भाजीपाल्यात मल्चिंग पेपर, बांधावर ब्रश कटर एवढ्यात भागत असेल तर ही बाटली घेऊ नका. सोसायटीच्या आवारासाठी तर अजिबात नको, तिथे खुरपं पुरतं. घेतलीच तर सीलबंद घ्या, बॅच नंबरसह पक्कं बिल मागा. शीतपेयाच्या बाटलीत सुटं ओतून देणारा दुकानदार भेटला तर तिथूनच मागे फिरा. रिकामी बाटली तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओता आणि बाटलीला भोक पाडून टाका, नाहीतर चार दिवसांनी तीच बाटली कुणीतरी पाण्यासाठी शेतावर नेतं.