ठाकूरद्वारचं बाइंडिंगचं दुकान: शिलाई पक्की, पण कात्रणांवर आधी आकडे घाला

ठाकूरद्वारच्या नाक्यावरून आत वळलं की जुन्या वाडीच्या जिन्याखाली हे दुकान आहे. नाव मुद्दाम देत नाही, कारण थोडी तक्रार करायची आहे आणि काका माणूस चांगला आहे.

माझं काम जरा विचित्र होतं. आमचे अप्पा परळच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर, मूळचे कोल्हापूरचे. १९६४ साली हॉइल-नारळीकर सिद्धांताची, म्हणजे फ्रेड हॉइल आणि जयंत नारळीकर या खगोलशास्त्रज्ञांनी मांडलेल्या गुरुत्वाकर्षणाच्या नव्या सिद्धांताची, बातमी पेपरात आली, तेव्हा "आपल्या कोल्हापुरात जन्मलेला पोरगा" म्हणून त्यांनी ती कापून ठेवली. तेव्हापासून जयंत नारळीकरांवर छापून आलेलं काही सोडलं नाही. अप्पांच्या मागे कात्री माझ्याकडे आली. २० मे २०२५ला नारळीकर गेले. कात्रणं बिस्किटाच्या डब्यात ठेवलेली. त्या बातम्या टाकल्यावर झाकण लागेना, म्हणून सगळ्यांची एक वही बांधून घ्यायला इथे आले.

काम कसं करतात ते सांगते. कात्रणं जाड कागदावर खळीने चिकटवतात, खळीत मोरचूद घालतात म्हणजे झुरळं आणि कसर लागत नाही. मग जुजबंदी, म्हणजे पानांचे जुज (घडी घातलेले छोटे गठ्ठे) करून दोऱ्याने शिवणं. स्टेपलर नाही, गोंदाने थापलेली पाठ नाही. वही सपाट उघडते. हल्ली हे कोण करतं?

आता तक्रार. काकांच्या पोऱ्याने कात्रणं आकाराप्रमाणे लावली, मोठी आधी, छोटी नंतर. वर कडा सारख्या दिसाव्यात म्हणून मशीनवर छाटल्या. अप्पा तारीख नेमकी कडेला लिहीत, निळ्या शाईत. गेली सगळी. मी दुकानातच मटकन बसले.

काकांनी वाद घातला नाही. जुज उसवले, ओल्या फडक्याने एकेक कात्रण सोडवलं आणि म्हणाले, "बाई, आता तुम्हीच सांगा, कुठलं आधी." दोन दुपारी मी त्या बाकावर बसून मजकुरावरून सालं लावली. "नुकतीच डॉक्टरेट मिळालेले" असं आहे ते १९६४. वस्तूचं वस्तुमान तिचं एकटीचं नसतं, विश्वातल्या बाकीच्या द्रव्यामुळे तिला मिळतं, हे समजावताना बातमीदाराची उडालेली तारांबळ त्यातच आहे. सव्विसाव्या वर्षी पद्मभूषण, म्हणजे १९६५. पत्ता टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा असेल तर १९७२ किंवा पुढचं. केंब्रिज सोडून ते तेव्हा कुलाब्याला आले. 'आयुका', म्हणजे त्यांची पुण्यातली खगोलशास्त्राची संस्था, दिसलं की १९८८ किंवा नंतरचं, पुण्याच्या गठ्ठ्यात. एका कात्रणातले नारळीकर तर हे नव्हतेच, त्यांचे वडील विष्णु वासुदेव होते. बनारसला गणित शिकवायचे, संशोधन सापेक्षतेवरच. अप्पांनी आडनाव बघून कापलेलं!

काका दोरा मेणावरून ओढत होते. मधेच विचारलं, "मग शेवटी यांचंच खरं ठरलं का?"

नाही हो. विश्वाला सुरुवात नाही, ते प्रसरण पावतं आणि घनता टिकवायला नवं द्रव्य हळूहळू निर्माण होत राहतं, ही हॉइल यांच्या स्थिर स्थिती सिद्धांताची बाजू नारळीकरांनी विद्यार्थी असल्यापासून लढवली. १९६५ साली पेंझियस आणि विल्सन यांनी आकाशाच्या सगळ्या दिशांनी येणारं सूक्ष्मलहरींचं प्रारण जाहीर केलं. ते महास्फोटातून, म्हणजे विश्वाच्या तप्त सुरुवातीतून, उरलेलं मानून बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाच्या बाजूला गेले. नारळीकर गेले नाहीत. १९९३मध्ये हॉइल आणि बर्बिज यांच्याबरोबर सिद्धांताचं सुधारलेलं रूप मांडलं, तेही फारसं कोणी स्वीकारलं नाही. पेंझियस-विल्सनचं कात्रण अप्पांच्या डब्यात नाहीच. बघितलं नसेल, असं मी म्हणणार नाही. मी शाळेत दहावीला शिकवायचे, आणि घरी आले की अप्पा चहा ओतता ओतता विचारायचे, "काय म्हणतोय तुमचा महास्फोट?"

मी काकांना पद्मभूषणानंतर एक पान कोरं सोडायला सांगितलं. तिथे पेंझियस-विल्सनचं मी स्वतः लिहून लावणार आहे.

सहाशे रुपये ठरले होते. पुन्हा शिवायचे दीडशे जास्त मागितले, मी शंभर दिले. चूक त्यांची, पण मेहनतही दिसत होती. हिरवं कापड, पाठीवर सोनेरी अक्षरं, 'नारळीकर'मधला 'ळ' किंचित वाकडा. पाचपैकी साडेतीन तारे. सुट्टे न्या, आणि प्रत्येक कात्रणाच्या मागे पेन्सिलने आकडा घालूनच द्या.

एका कात्रणाचं साल अजून लागत नाही. नुसता फोटो आहे, मागे समुद्र, ओळ तुटलेली. त्याला काकांनी खळ फक्त वरच्या कडेला लावली, उचलून पाठ बघता यावी म्हणून. पाठीवर धोतरजोडीची जाहिरात आहे, जोडी बावीस रुपये. हा भाव कोणत्या साली होता, कोणाला आठवतं का?