फोटो स्क्रीनवर दिसत होते आणि मी पैसे भरत होतो

१७,७६० रुपये. बिघडलेल्या मेमरी कार्डावरचे फोटो परत मिळवायच्या नावाखाली एवढे गेले. आकडा आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढे लाजेपोटी कमी सांगायचा मोह होईल. घरी मी आजही ‘दहाएक हजार’ म्हणूनच सांगितलंय.

अण्णांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, ८१ वं लागलं म्हणून फेब्रुवारीत सहस्रचंद्रदर्शन केलं. सोलापुरात विजापूर रोडला हॉल, दीडशे पान, गुळाची तुला, सगळं यथासांग. फोटोग्राफर १४,००० म्हणाला. मी म्हटलं, “कशाला? मी आहे की.” कॅमेरा माझा, हातही बरा आहे, पाहुण्यांच्या चार लग्नांत फोटो काढलेत. बायको तेव्हाच म्हणाली होती, “अहो, तुम्ही जावई म्हणून नीट बसा ना एक दिवस.” हे वाक्य गेल्या दोन महिन्यांत तिनं मला किती वेळा ऐकवलं असेल ते मोजायचं मी सोडून दिलंय.

४१२ फोटो काढले. त्यातला एक तर असा होता, की तसा पुन्हा मिळणार नाही. अण्णा तराजूच्या पारड्यात बसलेत, एका हातानं साखळी घट्ट धरलीय, समोरच्या पारड्यात गुळाच्या ढेपा चढतायत आणि ५४ किलोला काटा सरळ झाल्याबरोबर ते लहान पोरासारखे हसलेत. गिरणीत ३१ वर्षं काढलेला माणूस, फोटोत हसायची सवय नाही. तो फोटो काढला आणि मेव्हणी आलीच, “दाजी, दाखवा की, दाखवा की!” कॅमेऱ्याचा लाल दिवा लुकलुकत होता, म्हणजे फोटो कार्डावर लिहिणं चालू होतं, आणि मी त्याच घाईत कार्ड ओढलं. चूक माझी, मान्य. पण कार्ड बिघडणं वेगळं आणि त्यावरून माणसाला लुटणं वेगळं.

लॅपटॉपला लावलं तर ‘हे कार्ड वापरण्याआधी फॉरमॅट करावं लागेल, करायचं का?’ मी ‘नाही’ दाबलं. एवढी अक्कल होती मला. हे मुद्दाम सांगतोय, कारण नंतर ज्यानं त्यानं हेच विचारलं, “फॉरमॅट केलं असशील की.” नाही केलं. कार्डाच्या बाजूचं पिवळं लॉकचं बटणही खाली सरकवून ठेवलं, म्हणजे चुकूनही त्यावर काही लिहिलं जाऊ नये. इथपर्यंत मी शहाणा होतो.

मंगळवारी ऑफिस सुटल्यावर नवी पेठ ते पार्क चौक या पट्ट्यातल्या एका दुकानात गेलो. नाव लिहीत नाही, वकिलानं तूर्त नको म्हटलंय. वर मोठा फलक, ‘डेटा रिकव्हरी, १०० टक्के गॅरंटी’. आत एसी, काचेचं काउंटर, पांढरा कोट घातलेला पोरगा. कोट बघूनच मी निम्मा गार झालो. तपासणीचे ३०० रोख, पावती नाही. पोरानं कार्ड आत नेलं आणि पाऊण तासानं मालकानं मॉनिटर माझ्याकडे फिरवला.

“हे तुमचेच ना सर?”

अण्णा. पारड्यात. साखळी धरून, हसत. पूर्ण स्क्रीनभर.

इथं थांबा. माझी झोप उडवणारी जागा हीच आहे. फोटो स्क्रीनभर दिसला, याचा अर्थ कार्डावरनं तो वाचून झालाय. अख्खा. त्यांच्या संगणकात येऊन पडलाय. त्यानंतर उरतं काय, तर कॉपी करून पेन ड्राइव्हवर देणं. दोन मिनिटांचं काम. आणि मी डोळ्यांत पाणी आणून म्हणालो, “होईल ना ओ सर?” मीच त्याला सर म्हणालो!

तो म्हणाला, “हा नुसता प्रिव्ह्यू आहे सर. आत चिप गेलीय. पुण्याच्या लॅबला पाठवावं लागतंय, क्लीन रूममध्ये उघडत्यात.”

आता माझी बाजू ऐका. फोटो आधी दाखवायचे आणि सेव्ह करायला पैसे मागायचे, अशी सॉफ्टवेअर असतात हे मला माहीत होतं. थोडंसं माहीत होतं म्हणूनच प्रिव्ह्यू हा शब्द गळी उतरला. काहीच माहीत नसतं तर कदाचित, “दिसतोय तर द्या की” असं अडाण्यासारखं म्हणालो असतो आणि वाचलो असतो. आणि क्लीन रूम! ती हार्ड डिस्कसाठी असते, कारण तिच्यात तबकड्या फिरतात आणि धुळीचा एक कण वाटोळं करतो. मेमरी कार्डात फिरणारं काहीच नसतं. कार्डासाठी कुणी क्लीन रूमचे पैसे मागितले तर तिथूनच उठा. चप्पलसुद्धा बाहेर येऊन घाला.

त्याच स्क्रीनवर वरच्या पट्टीत फोल्डरचं नाव होतं, ‘रिकप-डिर’ आणि पुढे १. मी ते वाचलं होतं. वाचून सोडून दिलं.

तिथून मीटर पळालं. ४,५०० ॲडव्हान्स. आठ दिवसांनी फोन, “डोनर कार्ड लागतंय सर, सुटे भाग काढायला सेम कंपनीचं दुसरं, ३,८००.” कुरियरचे ३५०. मग क्लीन रूमचे ६,२००. दर वेळी फोन रात्री नऊच्या सुमारास, मी जेवायला बसलेला असताना आणि शेजारी बायको. फोन ठेवला की ती विचारणार, “झालं का हो?” तिच्यासमोर ‘पैसे मागतायत’ असं कसं म्हणायचं? मग क्यूआर यायचा आणि मी पिन टाकायचो. पैसे जाताना दुकानाचं नाव न येता एका बाईचं नाव यायचं, हेही दिसत होतं. वाटलं, मालकाची बायको असेल.

शेवटी १८ टक्के जीएसटी, १४,५०० वर २,६१०. हे लिहिताना हात थरथरतोय, कारण मी टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट्स बघतो. महिन्याच्या महिन्याला जीएसटीची रिटर्न भरतो. पक्कं बिल नाही, १५ अक्षरांचा जीएसटी नंबर नाही, हातात फक्त एस्टिमेट लिहिलेला पिवळा कागद, आणि मी २,६१० भरले. ऑफिसात दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी त्याची वर्षभर टर उडवली असती. नंबर कागदावर असला तरी जीएसटीच्या पोर्टलवर टाकून बघा, दुकानाचं नाव तिथं दिसतं. हे मी लोकांना शिकवतो.

मार्चच्या शेवटी एक पेन ड्राइव्ह आणि कार्ड हातात मिळालं. पेन ड्राइव्हवर ६१ फोटो. त्यातले ४४ टिकलीएवढे. उघडले की १६० बाय १२० पिक्सेल, मोठे केले की नुसत्या चौकटी. अण्णांचं हसू चार ठिपक्यांत. ११ फोटो दुसऱ्याच कुणाच्या तरी बारशाचे. उरलेले ६ माझे आणि पूर्ण आकाराचे. तीनमध्ये रिकाम्या खुर्च्या, मी उजेड तपासताना काढलेल्या. एकात आचारी शेंगापोळीची परात घेऊन. एकात हॉलचा पंखा. आणि एकात अण्णा पाठमोरे.

“बाकीचे?”

“अजून ५,००० भरलं तर दुसरा पास मारू की सर.”

तेव्हा कुठं माझं डोकं फिरलं. कार्ड बघितलं तर तेही माझं नव्हतं. माझ्या कार्डाच्या लेबलवर पोरीनं पेननं चांदणी काढली होती, लॉकचं बटण पिवळं. हे कोरं, पांढऱ्या बटणाचं. तर म्हणे, “लॅबमध्ये कार्ड फोडावं लागतंय, ते परत मिळत नसतंय. फॉर्मवर सही केलीय की तुम्ही.” केली होती. बारीक अक्षरात ‘डेटा व माध्यम यांची जबाबदारी आमच्यावर नाही’. मग हे कार्ड कुठलं दिलंस बाबा, विचारल्यावर पांढरा कोट आत निघून गेला. कुठलीही वस्तू दुरुस्तीला देताना आधी तिचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा आणि त्यावरचा नंबर पावतीवर लिहून घ्या. मी नव्हता काढला. घरात कॅमेरा असून.

खरा उलगडा भाच्यानं केला. इंजिनिअरिंगला आहे, पेन ड्राइव्ह बघून दोन मिनिटांत हसायला लागला, माझं तोंड बघून थांबला. “मामा, फायलींची नावं बघा.” ४४ बारक्या फायलींची नावं ‘टी’नं सुरू होणारी, पुढे आकडे. सहा चांगल्यांची ‘एफ’नं. तो म्हणाला, हे फोटोरेक आहे. फुकट मिळतं. कार्डावरची फायलींची यादी बिघडलेली असली तरी ते यादीकडे बघतच नाही, सरळ कार्डातली माहिती चाळत जातं आणि फोटोची सुरुवात ओळखून फाइल बाहेर काढतं. म्हणून मूळ नावं जातात. काढलेलं सगळं रिकप-डिर नावाच्या फोल्डरात टाकतं. एफ म्हणजे अख्खी फाइल, टी म्हणजे कॅमेरा प्रत्येक फोटोच्या पोटात जो छोटा नमुना ठेवतो तो. आणि टी फाइलला आकडा तोच असतो, जो तिच्या एफ फाइलचा.

म्हणजे ४४ टी माझ्या हातात, त्यांच्या ४४ एफ त्यांच्याकडे. क्वचित एफ अर्धवट निघते, भाचा म्हणाला. पण पारड्यातला तर मी डोळ्यांनी बघितला होता, स्क्रीनभर! पहिल्याच दिवशी, पाऊण तासात, फुकटच्या सॉफ्टवेअरनं काम झालेलं होतं. पुणं, लॅब, डोनर, सगळी थाप. पोरीच्या जुन्या कार्डावरचे फोटो भाच्यानं माझ्यासमोर उडवले आणि चाळीस मिनिटांत परत आणले. मी मधे उठून गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

(तुमच्यावर वेळ आली तर काढलेले फोटो त्याच कार्डावर साठवू नका, लॅपटॉपवर साठवा. आणि ते कार्ड कॅमेऱ्यात घालून पुढे एकही फोटो काढू नका, नवीन फोटो जुन्यांच्या डोक्यावर बसतात. कार्ड लॅपटॉपला दिसतच नसेल तर मात्र घरगुती उपाय नाही, तिथं खरी लॅबच लागते. ‘फोटो नाही तर पैसे नाही’ असं लिहून देणारी शोधा.)

मग पोलीस. चौकीत गेलो तर पहिला प्रश्न, “किती गेले?” सतरा हजार म्हटल्यावर चेहऱ्यावरचा रस गेला. “फोटोच ना साहेब? माणूस तर धडधाकट आहे की. परत बसवा तराजूत.” शेजारचा हवालदार हसला. पुढे म्हणाले, पैसे तुम्ही स्वतःच्या हातानं दिले, हा दिवाणी मामला. मी म्हटलं, फसवून घेतले. तर, ऑनलाइन दिलेत ना, मग सायबरला जा. सायबरला गेलो तर, दुकानदार समोर बसलेला माणूस आहे, हा सायबर कसा? चौकीत जा. दोन्हीकडं मिळून पाच चकरा, चार अर्ध्या रजा. एकानं तर विचारलं, “अकाउंट्सला असून फसलात?” हा प्रश्न मला आरशात रोज पडतो, तो विचारायला सरकारी पगार कशाला लागतो? चारशेवीस म्हणायचे दिवस गेले, १ जुलै २०२४ पासून फसवणूक भारतीय न्याय संहितेच्या ३१८ कलमात आहे, हे मी वाचून गेलो होतो. हवालदारानं तो आकडा माझ्याकडूनच कागदावर लिहून घेतला आणि कागद ट्रेखाली सरकवला. पहिल्या अर्जाची पोच द्यायला नकार. दुसऱ्या वेळी दोन प्रती नेल्या आणि शिक्का मिळेपर्यंत बाकावरून हललो नाही, तेव्हा एकदाचा मिळाला. अर्ज कुठलाही असो, दोन प्रती न्या.

बँकेत, “पिन तुम्हीच टाकला ना?” संपलं. ज्या बाईच्या खात्यावर पैसे गेले तिचं नाव-गाव द्या म्हटलं, तर गोपनीयता. माझे पैसे गेले ते उघड, घेणारीचं नाव गोपनीय! ऑनलाइन पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, लगेच फोन लावा, तासाभरात. मी दोन महिन्यांनी शहाणा झालो.

आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार घालतोय. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. ग्राहक हेल्पलाइनला फोन १९१५ वर करता येतो. अडचण एकच, पुरावा म्हणून माझ्याकडे पिवळा कागद, यूपीआयच्या नोंदी आणि ४४ टिकल्या.

अण्णांना अजून सांगितलेलं नाही. पाठमोरा फोटो मोठा करून दिला, तर म्हणाले धोतराचा काठ छान आलाय, बाकीचे कधी? मी म्हटलं, लॅबमध्ये आहेत.

एक काम मात्र तुमच्याकडे आहे. ते बारशाचे ११ फोटो माझ्याकडे जपून ठेवलेत. पूर्ण आकाराचे, स्वच्छ आलेत. पाळण्याला झेंडूच्या माळा, बाळाला पिवळं झबलं, मागं हिरव्या भिंतीवर कॅलेंडर, आणि हिरव्या इरकलीतली एक आजी बाळाच्या कानात नाव सांगतेय. त्याच दुकानात कार्ड दिलेलं कुणी असेल तर ओळख पटवून फोटो घेऊन जा. एक पैसाही नको. फक्त येताना तुमचा पिवळा कागद घेऊन या, तक्रारीला दोघांची नावं लावू.